फोटो बाजूला ठेवा, मतमोजणी वाचा



बॉबी सँड्स हे नाव आपल्यातल्या बऱ्याच पोरांना पाठ असतं. तुरुंगात ६६ दिवस उपाशी राहिला, उपाशी असतानाच खासदार झाला, ५ मे १९८१ ला मेला. वय २७. सभेत एवढं सांगितलं की टाळ्या पडतात, वक्ता घाम पुसत खाली बसतो. पुढं काय? कोणी विचारत नाही. मला त्या टाळ्यांशी भांडायचंय.

त्याला निवडून देणारी माणसं कोण होती? तीस हजारांवर मतं काय आभाळातून पडली? तो मतदारसंघ आधी काय करत होता, नंतर त्यानं काय केलं? हे ज्याला ठाऊक नाही त्यानं सँड्सचा फोटो भिंतीवर लावू नये. फोटो लावायला अक्कल लागत नाही. मतमोजणी वाचायला लागते.

मतदारसंघाचं नाव फर्मॅना आणि दक्षिण टिरोन. उत्तर आयर्लंडचा नैऋत्य कोपरा. सरहद्दीला लागून, तळ्यांचा, गुराढोरांचा मुलूख. मोठी गावं दोनच धरा, एनिस्किलन आणि डंगॅनन. कॅथलिक थोडे जास्त, प्रॉटेस्टंट थोडे कमी. ढोबळमानानं कॅथलिकाला आयर्लंडशी एक व्हायचंय, प्रॉटेस्टंटाला ब्रिटनच्या राजवटीत राहायचंय. १९५० साली वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटसाठी हा एका जागेचा मतदारसंघ झाला आणि १९५१ ला तिथं ९३ टक्क्यांहून जास्त मतदान झालं. आजाऱ्यालासुद्धा खाटेवरून उठवून नेल्याशिवाय हा आकडा होत नाही. कारण तिथली निवडणूक म्हंजे डोकी मोजायचा दिवस.

आता आधी घराचं बोलू. सभेत हे कोणी सांगत नाही म्हणून आधी हेच.

पार्लमेंटच्या निवडणुकीत सगळ्या प्रौढांना मत होतं. पण १९६० च्या दशकात तिथल्या नगरपालिका आणि काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत तसं नव्हतं. तिथं मत कोणाला, तर घरपट्टी भरणाऱ्याला आणि त्याच्या नवराबायकोला. भावाच्या घरात एका खोलीत लेकरांसह राहणाऱ्याला मत नाही. बापाच्या घरातल्या मोठ्या पोराला मत नाही. आणि कंपनीच्या मालकाला जादा मतं! आता सांगा, कौन्सिलनं एखाद्याला घर दिलं म्हंजे काय दिलं? घर दिलं आणि दोन मतं दिली. मग कौन्सिल ज्याच्या हातात तो घर कोणाला देणार? हे कळायला कोण्या प्रोफेसरची गरज नाही.

वर वॉर्डांच्या रेघा अशा मारलेल्या, की फर्मॅनात कॅथलिक बहुसंख्य असूनही काउंटी कौन्सिल युनियनिस्टांच्या खिशात. आधी स्थानिक निवडणुकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत होती. ती १९२२ ला मोडली. १९२९ ला स्टॉरमॉंटच्या विधिमंडळासाठीही मोडली. ज्याला ज्या पद्धतीनं हरायची भीती वाटते तो ती पद्धतच मोडतो. ही सवय लक्षात ठेवा, पुढं पुन्हा लागणार आहे.

नोकऱ्यांचं काय? १९६९ साली सरकारनंच नेमलेल्या कॅमेरॉन आयोगानं लिहून ठेवलंय, फर्मॅनात शाळेच्या बसगाड्यांवर सुमारे ७५ ड्रायव्हर, त्यात कॅथलिक फार तर ७. बस चालवायला कोणता धर्म लागतो बाबांनो? पण हे आपोआप झालेलं नव्हतं. १२ जुलै १९३३ ला ह्याच फर्मॅनातल्या न्यूटनबटलर गावी बॅझिल ब्रुक नावाच्या जमीनदार पुढाऱ्यानं उघड सभेत सांगितलं होतं की कॅथलिकांना कामावर ठेवू नका, माझ्या स्वतःच्या जागेवर एकही नाही. हा माणूस पुढं १९४३ पासून १९६३ पर्यंत उत्तर आयर्लंडचा पंतप्रधान होता. वीस वर्षं!

मग डंगॅननच्या बायांनी १९६३ साली घरांसाठी आंदोलन उभं केलं. लहान लेकरं घेऊन कौन्सिलच्या दारात उभ्या राहिल्या. डंगॅननचंच मॅकक्लस्की हे दांपत्य. त्यांनी १९६४ ला सामाजिक न्यायाची मोहीम काढली आणि काय केलं? आकडे गोळा केले. कोणत्या कौन्सिलनं किती घरं कोणाला दिली, कोणत्या खात्यात कोण नोकरीला. पत्रकं छापली, लंडनला पाठवली. जून १९६८ मध्ये कॅलेडन गावात कौन्सिलचं घर एका १९ वर्षांच्या बिनलग्नाच्या प्रॉटेस्टंट मुलीला मिळालं आणि शेजारच्या घरात घुसून राहिलेल्या कॅथलिक कुटुंबाला बाहेर काढलं. ऑस्टिन करी हा स्टॉरमॉंटचा आमदार उठला आणि त्या मुलीला दिलेल्या घरातच घुसून बसला. ऑगस्टमध्ये कोलआयलंड ते डंगॅनन मोर्चा निघाला. तिथून नागरी हक्कांच्या मोर्च्यांना तोंड फुटलं. मागणी एका ओळीची. एक माणूस, एक मत.

आणि मिळालं काय? स्थानिक निवडणुकीत सगळ्यांना मत. १९७१ ला घरवाटप कौन्सिलांच्या हातातून काढून वेगळ्या हाउसिंग एक्झिक्युटिव्हकडं दिलं, गरजेच्या गुणांवर. १९७३ ला नवी कौन्सिलं आणि प्रमाणशीर पद्धत परत. हे सगळं सँड्सच्या निवडणुकीआधी झालंय. ह्याचा फोटो कोणाच्या भिंतीवर आहे? कोणाच्याच नाही. बायांचे फोटो, आकड्यांच्या तक्त्यांचे फोटो कोण लावतो!

आता जागेचं बोलू.

तुरुंगातला उमेदवार निवडून देणं ही ह्या मुलखाची जुनी खोड. १९२२ साली काहिर हीली जहाजावरच्या तुरुंगात डांबलेला असताना फर्मॅना-टिरोनच्या लोकांनी त्याला खासदार केलं. १९५५ ला फिलिप क्लार्क हा शिन फेनचा उमेदवार. ओमाच्या लष्करी बराकीवरच्या हल्ल्यासाठी तुरुंगात. तरी २६१ मतांनी निवडून आला. बहुमत म्हंजे बहुमत ना? नाही! कोर्टात अर्ज गेला, कैदी म्हणून क्लार्क अपात्र ठरला आणि हरलेल्या ग्रोव्हनरला, म्हंजे एका लष्करी साहेबाला, जागा बहाल झाली. त्या वेळी कॅथलिक मतांत फूट नव्हती हे ध्यानात घ्या. एकी होती, मतं होती, जागा नाही मिळाली. पुढच्या खेपेला, १९५९ ला, शिन फेनची मतं आठ हजारांच्याही खाली घसरली. लोक घरी बसले. जिंकूनही हरवतात म्हटल्यावर कशाला जातील?

१९७० ला फ्रँक मॅकमॅनस एकीच्या नावावर जिंकला. फेब्रुवारी १९७४ ला त्याच्यासमोर एसडीएलपीनं उमेदवार दिला, मतं फुटली, युनियनिस्ट हॅरी वेस्ट आरामात आला. ऑक्टोबरला फूट मिटली, फ्रँक मग्वायर आला. हा गडी पार्लमेंटात क्वचित जायचा. २८ मार्च १९७९ ला कॅलहनच्या मजूर सरकारवर अविश्वासाचा ठराव आला तेव्हा तो लंडनला गेला, सभागृहात हजर राहिला आणि मत दिलं नाही. ३११ विरुद्ध ३१०. सरकार एका मतानं पडलं. मागनं थॅचरबाई आल्या. ५ मार्च १९८१ ला मग्वायर वारला आणि त्याच रिकाम्या जागेवर, त्याच थॅचरबाईंच्या तुरुंगातला सँड्स उभा राहिला. इतिहास काय चीज आहे बघा.

९ एप्रिल १९८१. सँड्स विरुद्ध हॅरी वेस्ट. मग्वायरचा भाऊ शेवटच्या घटकेला बाजूला झाला, एसडीएलपीनं उमेदवार दिला नाही. सरळ सामना. सँड्स दीड हजाराच्या आत-बाहेरच्या फरकानं जिंकला. लोकांना सांगितलं गेलं होतं, मत द्या, त्याचा जीव वाचेल. जीव वाचला नाही. आणि त्याच दिवशी तीन हजारांहून अधिक मतपत्रिका बाद निघाल्या हेही वाचा. ती काय सगळी अडाणी माणसं होती? मला तसं वाटत नाही. मला त्यांच्यात असे लोक दिसतात ज्यांना वेस्टला मत देता येईना आणि बंदुकीच्या संघटनेच्या माणसालाही देववेना. त्यांच्यावर कोणी गाणं रचत नाही.

सँड्सच्या विजयाचा उपयोग झाला नाही असं मी म्हणत नाही. थॅचरबाई म्हणत होत्या हे नुसते गुन्हेगार, ह्यांच्यामागं कोणी नाही. मतपेटीनं त्यांना उत्तर दिलं. आपल्या राज्यसभेत विरोधी सभासद सँड्ससाठी मिनिटभर उभे राहिले, सत्ताधारी काँग्रेसवाले राहिले नाहीत. शिन फेनला मतपेटीचा रस्ता दिसला तो इथंच.

पण सरकारनं काय केलं? कायदा बदलला. १९८१ च्याच उन्हाळ्यात. वर्षाहून जास्त शिक्षा भोगणाऱ्याला उमेदवारच होता येणार नाही. म्हटलं होतं ना, सवय लक्षात ठेवा. ऑगस्टमध्ये सँड्सचा निवडणूक प्रतिनिधी ओवेन कॅरन उभा राहिला आणि जास्त फरकानं जिंकला. दहा पोरं मेल्यावर ३ ऑक्टोबरला उपोषण संपलं, आणि तीन दिवसांनी सरकारनं कैद्यांना स्वतःचे कपडे घालायची परवानगी दिली. म्हंजे देता येत होती!

१९८३ ला पुन्हा एसडीएलपीचा उमेदवार, पुन्हा फूट, युनियनिस्ट केन मगिनिस आला तो २००१ पर्यंत हललाच नाही.

आता तुमच्यातला एखादा टाळ्या वाजवायच्या बेतात असेल तर थांबा. ८ नोव्हेंबर १९८७. एनिस्किलन, ह्याच मतदारसंघात. युद्धात मेलेल्यांच्या स्मरणासाठी जमलेल्या लोकांवर आयआरएचा बॉम्ब फुटला. ११ माणसं त्या दिवशी मेली. प्रॉटेस्टंट होती, म्हातारी होती, त्यात एक शिकाऊ नर्सही होती. ब्रुकच्या सभेतला अन्याय ह्या माणसांच्या अंगावर काढायचा? ज्या गरीब प्रॉटेस्टंट भाडेकरूला घर नव्हतं त्यालाही कौन्सिलचं मत नव्हतं. तो शत्रू कसा झाला? त्याला कोणी शत्रू केलं? सँड्सचा फोटो लावायचा तर शेजारी एनिस्किलनच्या ११ जणांची नावं लावायची तयारी ठेवा. नसेल तर दोन्ही नको.

पुढचे आकडे पटापट वाचा. २००१, शिन फेनची मिशेल गिल्डरन्यू, ५३ मतांनी. २०१० ला सगळ्या मोठ्या युनियनिस्ट पक्षांनी मिळून रॉडनी कॉनर हा एकच अपक्ष दिला. गिल्डरन्यू ४ मतांनी जिंकली. चार! कोर्टात गेले, ३ मतपत्रिकांचा हिशेब लागेना, तरी निकाल बदलत नव्हता. २०१५ ला टॉम इलियट ५३० नं. २०१७ ला पुन्हा ती. २०१९ ला ५७ मतांनी ती. २०२४ ला नर्सांच्या संघटनेची पुढारी राहिलेली पॅट कलन साडेचार हजारांवर मताधिक्यानं. आणि शिन फेनचा खासदार पार्लमेंटात बसतच नाही, कारण राजाच्या निष्ठेची शपथ घ्यायची नाही. चार मतांसाठी जिवाचं रान करायचं आणि खुर्ची रिकामी ठेवायची!

तर माझं भांडण दोघांशी आहे. एक म्हणतो निवडणूक ढोंग आहे, तिच्यात पडू नका. त्याला मी १९५९ दाखवतो. घरी बसलात, साहेबानं जागा खाल्ली. दुसरा म्हणतो एकी करा, जागा जिंका, बाकी आपोआप होईल. त्याला मी १९५५ आणि १९८१ दाखवतो. एकी झाली, जागा जिंकली, एकदा कोर्टानं काढून घेतली, एकदा कायदाच बदलला. फुटीनं हरता येतं हे खरं. पण एकीनं जिंकलेलं टिकवायला खाली काहीतरी लागतं. ते खालचं काम डंगॅननला झालं होतं, घरांच्या याद्या घेऊन.

'सेम आपल्यासारखंच' असं म्हणून मोकळं होऊ नका. तिथलं भांडण धर्माचं, जमिनीचं आणि सरहद्दीचं आहे, त्याची वजनं वेगळी. पण सगळ्यात जास्त मतं त्याचीच जागा, ही पद्धत इथंही ब्रिटिशांकडूनच आलेली आहे. म्हणून त्यांचा हिशेब आपल्याला वाचता येतो.

पुढच्या अभ्यासवर्गाला सँड्सवर भाषण नको. कोणीतरी आपल्या नगरपालिकेची घरवाटपाची यादी मिळवून आणा. मिळत नसेल तर का मिळत नाही ते लिहून आणा. त्यावर बोलू.