मूलपेशी मार्करच्या अहवालावर केमो ठरू नये

मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातील कर्करोगात बहुतेक रुग्ण केवळ शस्त्रक्रियेने बरे होतात. काहींचा आजार मात्र उलटतो. हे रुग्ण आधीच ओळखू यावेत म्हणून गाठ वाढवत ठेवणाऱ्या मूलपेशींच्या मार्करकडे, म्हणजे ओळखचिन्हांकडे, आशेने पाहिले जाते. आशा रास्त आहे. पण सीडी१३३ सारख्या एकट्या मार्करच्या अहवालावरून केमो ठरवणे आजच्या पुराव्यात बसत नाही.

२००७ मध्ये टोरांटो आणि रोम येथील संशोधकांनी दाखवले, की मानवी गाठीतील सीडी१३३ असलेल्या पेशी प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदरांत टोचल्यास गाठ वाढते, इतर पेशींपासून वाढत नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या संशोधकांनी, शरीरात पसरलेल्या कर्करोगातील सीडी१३३ नसलेल्या पेशीही गाठ निर्माण करतात, हे सिद्ध केले. पुढे असेही आढळले, की पेशी प्रगल्भ झाल्यावर सीडी१३३ हे प्रथिन नाहीसे होत नाही. त्याचा जो भाग चाचणीतले प्रतिपिंड ओळखते तो फक्त झाकला जातो. म्हणजे प्रतिपिंड बदलले की निष्कर्षही बदलू शकतो. ज्या चाचणीवर सहा महिन्यांचे औषध अवलंबून ठेवायचे, तिच्यात ही त्रुटी खपवून घेता येणार नाही.

एलजीआर५ या दुसऱ्या मूलपेशी मार्करची अडचण अधिक मूलभूत आहे. २०१७ मध्ये उंदरांतील गाठींमधून एलजीआर५ असलेल्या पेशी नष्ट केल्या, तेव्हा गाठ आटली नाही, वाढ तेवढी थांबली. उपचार बंद होताच इतर पेशींतून त्याच पेशी पुन्हा तयार झाल्या. मूलपेशीपण ही पेशीची बदलती अवस्था असेल, तर शस्त्रक्रियेच्या दिवशीचा नमुना पुढच्या पाच वर्षांची हमी कशी देणार?

सर्वांत आश्वासक ठरला तो उलटा मार्कर: प्रगल्भ पेशींत असणारे सीडीएक्स२ गाठीत नसणे. २०१६ च्या अभ्यासात अशा दुसऱ्या टप्प्यातील रुग्णांपैकी केमो घेतलेल्यांतील ९१ टक्के, तर न घेतलेल्यांतील ५६ टक्के पाच वर्षे रोगमुक्त राहिले. मात्र हे रुग्ण अवघे ४८ होते आणि केमो कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. तशी चाचणी व्हायलाच हवी.

तोवर रुग्णाचा पैसा आधी सिद्ध तपासण्यांवर खर्च व्हावा. किमान १२ लसिकाग्रंथी तपासल्या का, गाठ आतड्याच्या भिंतीपार गेली का, आतडे फुटले होते का, हे पॅथॉलॉजीच्या अहवालात असलेच पाहिजे. डीएनए दुरुस्तीच्या प्रथिनांची तपासणीही वगळू नये: या टप्प्यात ती प्रथिने नसलेल्या रुग्णांचे भवितव्य मुळातच चांगले असते आणि एकट्या फ्लुरोयुरॅसिल या केमोच्या औषधाचा त्यांना लाभ होत नाही.