कुंपणच शेत खाऊ लागते तेव्हा

म्हातारपणी विसर पडायचाच, ही समजूत जालन्याच्या मस्तगडात आहे तशी मुंबई-पुण्यातही आहे. ती आता टाकून दिली पाहिजे. स्मृतिभ्रंश हे वार्धक्य नव्हे. तो विकार आहे, आणि मेंदूच्या रक्षकांचाही त्यात हात असतो.

हे रक्षक म्हणजे ‘मायक्रोग्लिया’ पेशी. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांचे वेगळेपण दाखवून दिले. मृत पेशी गिळणे, जंतूंशी झुंजणे हे त्यांचे काम. अल्झायमरच्या विकारात ‘अमायलॉइड’ प्रथिनाच्या साठ्यांभोवती त्या जमतात आणि सफाई करू पाहतात. परंतु दाह वर्षानुवर्षे टिकला की त्याच पेशी चेतापेशींमधील उपयोगी दुवेही नष्ट करू लागतात. कुंपणच शेत खाऊ लागते.

मग कुंपणच काढावे काय? तसेही नाही. या पेशींचे सफाईचे सामर्थ्य घटवणारे ‘ट्रेम-२’ जनुकातील दोष रोगाचा धोका वाढवतात, हे २०१३ मध्ये दिसून आले. दाहशामक औषधांच्या चाचण्या फसल्या. ट्रेम-२ला चेतवणारे एक औषधही २०२४ मध्ये अपयशी ठरले. अमायलॉइड हटवणाऱ्या लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली; पण ते रोगाची गती केवळ काहीशी मंदावते, आणि तेथे त्याची वार्षिक किंमत २६,५०० डॉलर ठरवण्यात आली.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार साठीपुढील सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत व ग्रामीण भागात प्रमाण अधिक. त्यांची शुश्रूषा बहुधा घरची सून किंवा लेक करते. त्या श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. म्हणूनच अंदाजपत्रकालाही ते दिसत नाहीत.

महागड्या औषधाची वाट पाहत बसणे आपल्याला परवडणारे नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये म्हटले की, अल्पशिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह अशी चौदा कारणे दूर केल्यास सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता वा लांबवता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाबरोबर श्रवण व स्मरण तपासले जावे, गरजूंना श्रवणयंत्र मिळावे, शुश्रूषा करणाऱ्यांना अर्थसाहाय्य व विसावा मिळावा. मुलींचे शिक्षण अर्धवट न सुटणे हाही याच विकारावरचा उपाय आहे. मेंदूतील कुंपण कसे सावरायचे ते विज्ञान शोधेल; गावातले कुंपण शासनाने व समाजाने आजच घातले पाहिजे.