नव्या घरात वडीलधाऱ्यांची जागा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. आजचे संसार पाहिले असते, तर ‘धंदा पाहावा घरातून करून’ असे तिसरे कलमही त्यांनी या म्हणीला जोडले असते. नवे घर, घरातूनच चालणारा लहानसा व्यवसाय आणि भोवती मुलाबाळांचा व वृद्धांचा संसार, ही तिन्ही ओझी एकाच वेळी पेलणारी अनेक कुटुंबे आज आपल्या आसपास आहेत. या धावपळीत मुलांची शाळा आधी ठरते, मालाची खोली त्याहून आधी ठरते. आजी-आजोबांची खाट कोठे टाकायची, हा विचार मात्र बहुधा टेम्पो दारात येऊन उभा राहिला की सुरू होतो. वाचकहो, हा क्रम उलटा करणे किती गरजेचे आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

त्यासाठी उदाहरण घेऊ पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याचे केंद्र सरकारने 1991 साली घोषित केले आणि तेथे मोठ्या कारखान्यांवर मर्यादा आल्या. लहान उद्योग मात्र घराघरांत आहेत. चिंचणी-वाणगाव परिसरात दागिन्यांचे पोलादी साचे कोरणारे डायमेकिंगचे कारागीर आहेत. घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या फोडी वाळवल्या जातात, किनाऱ्यावरच्या वस्त्यांत बोंबील सुकतात, आणि आत डोंगराकडे, तलासरीपर्यंत पसरलेल्या पाड्यांवर वारली चित्रे रंगतात किंवा ओटीवर छोटे किराणा दुकान चालते. येथे घर आणि कामाची जागा यांमध्ये पुष्कळदा एका भिंतीचेही अंतर नसते.

याच भागाला नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गडगडाटासारखा आवाज येई, भांडी खणखणत, भिंतींना तडे जात. 1 फेब्रुवारी 2019 रोजी एकाच दिवसात लागोपाठ धक्के बसले. त्यांतील सर्वांत मोठा 4.1 रिश्टरचा होता. त्या दिवशी घाबरून धावताना पडल्यामुळे दोन वर्षांच्या एका बालिकेचा जीव गेला. कडाक्याच्या थंडीत लोक तंबूत आणि अंगणात झोपले. दिवसा घरात काम आणि रात्री उघड्यावर मुक्काम, असा तो काळ. त्यानंतर तेथे घर दुरुस्त करणे वा नवे बांधणे हा केवळ हौसेचा विषय राहिला नाही.

बदललेली जमीन, बदललेली पावले

या भागातील जुने घर कारवीच्या कुडाचे. भिंती शेणामातीने लिंपलेल्या, जमीन सारवलेली. अशा घराचे वजन हलके असल्याने धक्क्यात ते लवते. आणि कुड कोसळला तरी विटांच्या भिंतीइतकी इजा करीत नाही. त्याच्या जागी विटा-सिमेंटचे घर येते, तेव्हा टिकाऊपणा वाढतो, पण तो बांधणीवर अवलंबून असतो. दारे-खिडक्यांच्या वर लिंटलच्या पातळीला चारही भिंतींवरून सलग फिरणारा सळई-काँक्रीटचा पट्टा आहे ना, एवढा एक प्रश्न गवंड्याला अवश्य विचारावा. धक्क्याच्या वेळी भिंती एकमेकींना धरून राहतात त्या या पट्ट्यामुळे.

वृद्धांच्या दृष्टीने मात्र खरा बदल पायाखाली होतो. सारवलेली जमीन पाय धरून ठेवते; गुळगुळीत लादी ओली झाली की पाय सोडून देते. चाळीस वर्षे अंधारातही अचूक पडणारी पावले घराच्या आठवणीवर पडत असतात: अमुक पावलांवर उंबरठा, उजव्या हाताला खांब, पुढे रांजण. नव्या घरात ही आठवण निरुपयोगी ठरते. म्हणून स्थलांतरानंतरचे पहिले काही आठवडे पडण्याच्या दृष्टीने जोखमीचे असतात, त्यातही रात्री लघवीला उठण्याची वेळ सर्वांत धोक्याची.

म्हणून घर लावताना आधी खाट ठरवा आणि खाटेपासून शौचालयापर्यंतची वाट ठरवा. ही वाट शक्य तितकी सरळ असावी. तिच्यावर पायपुसणे, वायर, पाट, पादत्राणे यांपैकी काहीही नसावे. मध्ये पायरी असेल तर तिच्या कडेला ठळक रंगाचा पट्टा ओढावा. रात्रभर मंद दिवा राहू द्यावा, कारण साठीनंतरच्या डोळ्यांना तेच दिसण्यासाठी तरुणपणापेक्षा अधिक प्रकाश लागतो. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसवावा. टॉवेल टांगायची नळी वृद्धांचा तोल सांभाळू शकत नाही. दांड्याची उंची मोजून नव्हे, तर प्रत्यक्ष आजोबांना तेथे उभे करून, त्यांचा हात सहज जातो तेथे खूण करून ठरवावी. आणि ज्येष्ठ वाचकहो, आपण स्वतः एक सवय लावून घ्या: जाग आल्यावर एकदम उठू नये. खाटेच्या कडेवर मिनिटभर पाय सोडून बसावे, मग उभे राहावे. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी उठताच भोवळ येते, ती यामुळे बरीच टळते.

नव्या बांधकामाच्या भिंतीत ओल पुष्कळ दिवस राहते. डहाणूसारख्या किनारी, मुसळधार पावसाच्या प्रदेशात पहिल्या पावसाळ्यात भिंतींवर बुरशी धरणे नवलाचे नाही. दमा किंवा जुनाट खोकला असलेल्यांची खाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, ताज्या रंगाच्या खोलीत त्यांना लगेच झोपवू नये आणि उघडीप मिळताच खिडक्या उघडाव्यात.

माल आणि माणूस

घरातच व्यवसाय असला की माल हळूहळू पाय पसरतो. आज कोपऱ्यात असलेली खोकी महिन्याभरात वाटेत येतात, आणखी महिन्याने आजीच्या खाटेखाली शिरतात. डायमेकिंगचा बारीक लोखंडी चुरा तळपायात घुसतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तो बोचल्याचे कळतही नाही आणि जखम चिघळते. फळांचा चिकट रस लादीवर सांडतो, सुक्या मासळीचा आणि मिरचीचा वास दमेकऱ्याला सोसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी जमिनीवर खडूने नव्हे, रंगाने एक रेघ ओढा. रेघेच्या अलीकडे घर, पलीकडे धंदा. माल वाढला तर रेघ सरकवू नये. दुसरी जागा शोधावी. मधुमेही वृद्धांनी घरातही चप्पल घालावी आणि त्यांचे तळवे रोज कोणीतरी पाहावेत.

भूकंपाच्या भागात आणखी एक नियम पाळावा. वजनदार वस्तू खालच्या फळीवर, हलक्या वर. आणि खाटेच्या डोक्याशी कपाट, फळी किंवा जड तसबीर असू नये. कपाट भिंतीला खिळ्या-पट्टीने जखडावे. धक्का जाणवला, तर ज्यांना भरभर चालता येत नाही त्यांनी पळू नये. खाटेवर असल्यास तेथेच राहून उशीने डोके झाकावे. खुर्चीत असल्यास वाकून डोके व मान हातांनी झाकावी. चाकांची खुर्ची असेल तर तिचा ब्रेक लावावा. हलणे थांबल्यावर कोणीतरी हात धरून त्यांना मोकळ्या जागी न्यावे, आणि तो ‘कोणीतरी’ नेमका कोण, हे आधीच ठरलेले असावे.

हातातले काम

जागेइतकेच कामही महत्त्वाचे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे नाव आपण ऐकले असेल. वारली चित्रे परंपरेने लग्नाच्या वेळी सवाशिणींनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढावयाची. 1970 च्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर आली, आणि म्हसे यांनी ती जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली, वयाच्या चौऱ्याऐंशीच्या घरात ते निवर्तले, तेव्हा त्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हेही नावाजलेले चित्रकार होते. घरचा उद्योग आणि घरातील वडीलधारी व्यक्ती यांचे नाते कसे असू शकते, याचे हे ठळक उदाहरण. त्याच समाजात लग्नविधीची गाणी म्हणणारी धवलेरी असते. तिच्यावाचून लग्न लागत नाही. तिचे वय हे तेथे ओझे ठरत नाही.

प्रत्येक घरात पद्मश्री नसते, परंतु प्रत्येक घरात हिशेबाची वही असते, मालाची मोजणी असते, जुन्या गिऱ्हाइकाची ओळख असते. नव्या घरात आल्यावर ‘आता तुम्ही फक्त आराम करा’ असे सांगून वृद्धांच्या हातातले काम काढून घेऊ नका. त्याच वेळी त्यांना फुकटचा राखणदार समजून दिवसभर गल्ल्यावरही बसवू नका. बसून करता येईल, चुकले तर नुकसान होणार नाही आणि तासा-दीड तासात संपेल, असे एक ठरावीक काम त्यांचे असावे. ज्येष्ठांनीही मोकळेपणाने सांगावे की काय जमेल आणि काय जमणार नाही. मनातल्या मनात कुढण्याने दोन्ही बाजूंचे नुकसान होते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. नव्या जागेत थोडे दिवस झोप न लागणे, जुन्या घराची आठवण काढणे स्वाभाविक आहे. पण दोन-तीन दिवसांत अचानक असंबद्ध बोलणे, वेळकाळाचे भान सुटणे, दिवसा गुंगी आणि रात्री तळमळ असे दिसू लागले, तर ‘जागा बदलली म्हणून असेल’ असे म्हणून थांबू नये. लघवीतील संसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, साखर उतरणे, औषधाची मात्रा चुकणे अशी कारणे त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सांभाळणाऱ्याचा दिवस

या तिन्ही ओझ्यांखाली बहुधा एकच व्यक्ती असते. पुष्कळ घरांत ती सून असते, काही घरांत लेक, काही घरांत पन्नाशीतला मुलगा. सकाळी डबे, मग गिऱ्हाइके, दुपारी सासऱ्यांची औषधे, संध्याकाळी गवंड्याचा हिशेब. अशा व्यक्तीला ‘स्वतःची काळजी घे’ असा उपदेश करणे सोपे. तिच्या दिवसातून एक तास काढून देणे कठीण, आणि गरज असते ती त्या तासाची. दुकानाला बंद होण्याची वेळ असावी आणि ती पाटीवर लिहिलेली असावी. दूर राहणाऱ्या भावंडांनी केवळ फोनवर विचारपूस न करता महिन्यातले ठरावीक दिवस वाटून घ्यावेत. सांभाळ करणाऱ्याची स्वतःची रक्तदाबाची गोळी राहून जाऊ लागली, झोप तुटू लागली, क्षुल्लक गोष्टीवरून आवाज चढू लागला, तर तो स्वभावदोष मानू नये. ते थकव्याचे लक्षण आहे.

कागद आणि कनवटीचा पैसा

नवे घर आणि नवा धंदा यांसाठी पुष्कळदा वडिलांची पुंजी कामी येते. त्यात वावगे काही नाही. परंतु आजारपणासाठीचा पैसा वेगळा राखून मगच उरलेला द्यावा. घर किंवा जमीन मुलांच्या नावे करताना ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट दस्तातच लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या निर्वाह व कल्याण कायद्यातील कलम 23 नुसार अशी अट मोडली गेल्यास ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. त्यासाठीचे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे असते. ही अविश्वासाची खूण मानू नये. लिहिलेले असले की मुलांनाही आपली जबाबदारी स्पष्ट असते.

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावे. त्यावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. सामान हलवताना औषधे, चष्मा, कवळी आणि डॉक्टरांचे कागद टेम्पोत न टाकता हातातल्या पिशवीत घ्यावेत. पंधरा दिवसांची औषधे आधीच आणून ठेवावीत. नव्या वस्तीतील आशाताईंची ओळख पहिल्या आठवड्यातच करून घ्यावी. 108 ही रुग्णवाहिका आणि 14567 ही ज्येष्ठांची मदतवाहिनी, हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत दाराजवळ लावावेत.

घर हलवण्याची तारीख ठरली असेल, तर त्याआधी एकदा दिवसाउजेडी आणि एकदा अंधार पडल्यावर वडीलधाऱ्यांना नव्या घरी घेऊन जा. खाटेची जागा त्यांनाच दाखवू द्या. तेथून न्हाणीघरापर्यंत त्यांच्यासोबत सावकाश चाला, आणि ते जेथे जेथे थबकतील तेथे खूण करा. गवंडी अजून कामावर असतानाच त्या खुणांची दुरुस्ती करून घ्या. माल लावायचे काम त्यानंतर.