शाबासकी द्यावी ती डोळसपणे

विज्ञान-प्रदर्शनात वर्गमित्राचे उपकरण पाहून आपण 'छान!' म्हणतो आणि पुढे सरकतो. त्याला क्षणभर बरे वाटते. पण पुढची वाट दिसत नाही.

१९१३ च्या जानेवारीत मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकून श्रीनिवास रामानुजन यांनी केंब्रिजचे गणिती हार्डी यांना आपली प्रमेये पाठवली. ८ फेब्रुवारीच्या उत्तरात हार्डींनी त्यांत फार रस वाटल्याचे कळवले. शिवाय काही निष्कर्ष आधीच माहीत असलेले, तर काही नवे व महत्त्वाचे आहेत, असे स्पष्ट सांगून सिद्धता मागितल्या. पदवी नसलेल्या त्या कारकुनाचे काम कोणीतरी मन लावून वाचले होते! १९१४ मध्ये रामानुजन केंब्रिजला गेले आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

खरे प्रोत्साहन ते हेच. तेव्हा मित्राच्या उपकरणापाशी जरा थांबा, ते कसे चालते ते विचारा, काय आवडले ते नेमके सांगा. शिक्षकांनीही प्रयोगवहीत नुसते 'उत्तम' न लिहिता 'आकृती अचूक आहे. आता माप तीनदा घेऊन सरासरी काढ' असे लिहावे. आपले काम कोणी पाहतच नाही असे वाटून हातातला प्रयोग सोडून देणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी एवढा वेळ काढायलाच हवा.