सिमेंटचे रस्ते दिवाळीनंतर करा, उन्हाळ्यात नको



थंड देशांत काँक्रीटचे रस्ते हिमाने फुटतात. काँक्रीटमध्ये मुरलेल्या पाण्याचा बर्फ झाला की ते सुमारे ९ टक्के फुगते आणि रस्त्याचा वरचा थर सोलून निघतो. म्हणून तिकडे काँक्रीट कालवतानाच त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे राहतील अशी तजवीज करतात. आमच्या घाटनांदूरला हिमाची भीती नाही. तरीही गल्लीबोळांतल्या नव्या सिमेंट रस्त्यांची खडी बघता बघता उघडी पडते. इथे रस्त्याचा वैरी ऊन आहे आणि त्याची तजवीज कोणी करत नाही.

मार्चअखेर निधी संपवायचा, म्हणून उन्हाचा कडाका सुरू झाल्यावर कामाची घाई होते. सिमेंटला बळकटी येते ती पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने. उन्हाने आणि झळांनी ते पाणीच उडाले, की बारीक भेगा पडतात, वरचा पापुद्रा ठिसूळ होतो आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली त्याचा फुफाटा होतो. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवसांची शिफारस आहे. प्रत्यक्षात सकाळी एकदा पाइप फिरवला की गुत्तेदार मोकळा!

‘प्यायला टँकर, मग रस्त्याला पाणी कुठून आणायचे?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच ही कामे दिवाळी ते संक्रांत या काळात व्हावीत. तेव्हा विहिरी-बोअरला पाणी असते, ऊनही सौम्य असते. त्यासाठी मंजुरी आणि निविदा पावसाळ्यातच उरकाव्यात. उन्हाळ्यात काम टळतच नसेल, तर ते सायंकाळी करावे, वर ओले गोणपाट अंथरावे किंवा ओल धरून ठेवणारे रसायन फवारावे.

गावकऱ्यांनीही गप्प बसू नये. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. काँक्रीटच्या ठोकळ्यांची २८ दिवसांची चाचणी ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय अंतिम बिल काढू नये, असा ठराव प्रत्येक ग्रामपंचायतीने करावा. पैसा आपला आहे. रस्ता टिकलाच पाहिजे.

– एक ग्रामस्थ, घाटनांदूर (ता. अंबाजोगाई, जि. बीड)