दिवा खरा, भाव खोटा : एडिसनच्या घोषणेचा धडा

१/ नव्या तंत्रज्ञानाच्या कंपनीचा प्रमुख मोठे भाकीत करतो, शेअरचा भाव उसळतो आणि कोणी शंका घेतलीच, तर ठरलेले उत्तर मिळते : "एडिसनलाही लोक हसले होते." प्रत्यक्षात एडिसनचा इतिहास या उत्तराच्या बाजूने साक्ष देत नाही. #थ्रेड

२/ सप्टेंबर १८७८. फोनोग्राफमुळे कीर्ती पावलेला ३१ वर्षांचा थॉमस एडिसन कनेक्टिकटमधील अन्सोनिया येथे विल्यम वॉलेसच्या कारखान्यात आर्क दिवे पाहून आला. हे दिवे रस्त्यावर शोभत, घरात डोळे दिपवत. काही दिवसांतच त्याने 'न्यूयॉर्क सन' या वृत्तपत्राला सांगितले, की वीज लहान लहान दिव्यांत विभागण्याची युक्ती आपल्याला गवसली आहे.

३/ बातमी लंडनला पोहोचली आणि गॅस कंपन्यांचे शेअर कोसळले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने विजेच्या दिव्यांविषयी चौकशी समिती नेमली. इकडे न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर १८७८ मध्येच ३ लाख डॉलर भांडवलाची 'एडिसन इलेक्ट्रिक लाइट कंपनी' स्थापन झाली.

४/ त्या क्षणी एडिसनच्या हाती काय होते? प्लॅटिनमच्या तारेचा एक दिवा, तोही फार काळ न टिकणारा. कोळसा केलेल्या सुती दोऱ्याचा दिवा अनेक तास तेवला तो ऑक्टोबर १८७९ मध्ये. मेन्लो पार्कमधील जाहीर प्रात्यक्षिक ३१ डिसेंबर १८७९ चे. न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्र सुरू झाले ४ सप्टेंबर १८८२ रोजी. घोषणा आणि ग्राहक यांच्यामध्ये चार वर्षे गेली.

५/ एडिसनला लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. प्रयोगशाळेला पैसा हवा होता आणि गाजावाजाशिवाय तो मिळता ना. त्याने शब्द पुढे पाळलाही. प्रश्न आहे तो शब्दाला भाव लावणाऱ्यांचा.

६/ त्यांचे काय झाले, हे १८८२ च्या लंडनमध्ये दिसते. चार्ल्स ब्रशच्या आर्क दिव्यांचे हक्क असलेल्या 'अँग्लो-अमेरिकन ब्रश' कंपनीने प्रांतोप्रांतीच्या नव्या कंपन्यांना ते वापरण्याचे मक्ते विकले. मूळ कंपनीचा नफा फुगला तो मुख्यतः या मक्त्यांच्या विक्रीतून. वीज विकून नव्हे. नफ्याचा आकडा पाहून भाव चढले. उन्हाळ्यापर्यंत फुगा फुटला होता आणि पुढील काही वर्षांत अनेक उपकंपन्या नामशेष झाल्या.

७/ खापर कायद्यावर फोडले गेले. २१ वर्षांनंतर नगरपालिकांना वीजव्यवस्था सक्तीने विकत घेता येईल, अशी तरतूद १८८२ च्या कायद्यात होती आणि ती नव्या भांडवलाला जाचक ठरली, हे खरे. पण कायदा मंजूर झाला ऑगस्टमध्ये; भाव त्याआधीच कोसळले होते.

८/ गॅसचे शेअर घाबरून विकणारेही चुकलेच. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअरने गॅसच्या दिव्यासाठी प्रकाशजाळीचे पेटंट घेतले आणि गॅसचा प्रकाश कितीतरी उजळला. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगड्या आल्या. 'मरू घातलेला' धंदा पुढे अनेक दशके चालला.

९/ म्हणजे वीज जिंकली, तरी विजेचे अनेक भागधारक बुडाले आणि गॅसचे अनेक तरले. 'हे तंत्रज्ञान खरे ठरेल का?' आणि 'आजच्या भावाला हा शेअर घ्यावा का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रमुखाचे भाषण बहुधा पहिल्याचे उत्तर देते आणि ऐकणारा ते दुसऱ्याचे समजतो.

१०/ दुसऱ्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत शोधावे लागते. आज चालणारी वस्तू कोणती? पैसा ग्राहकाकडून येतो, की पुढच्या गुंतवणूकदाराकडून? स्वप्न साकारायला दुप्पट काळ लागला, तर तोवरचा खर्च कोण सोसणार? १८८२ मध्ये ब्रशच्या भागधारकांनी यांतला दुसरा प्रश्न विचारला असता, तरी पुष्कळांची पुंजी वाचली असती.

११/ तेव्हा पुढच्या वेळी कोणी एडिसनचे नाव घेतले, की वर्ष विचारावे : १८७८ चा एडिसन, की १८८२ चा? पहिल्याजवळ घोषणा होती, दुसऱ्याजवळ वीजकेंद्र. गुंतवणूकदाराने दोघांना एकच भाव देऊ नये.