पारपत्रातील तान्हे मूल

तीन महिन्यांच्या बालकाचे छायाचित्र पारपत्रावर छापले जाते आणि तेच बालक साडेचार वर्षांचे होऊन परदेशी विमानतळावरील अधिकाऱ्यापुढे उभे राहते, तेव्हा त्या दोन चेहऱ्यांतील साम्य बहुधा आईलाच दिसते. आपल्या नियमानुसार अल्पवयीनाचे पारपत्र ५ वर्षे किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर वैध असते. प्रौढाला मात्र १० वर्षे. म्हणजे मुलाचा चेहरा लवकर बदलतो, हे शासनास मान्यच आहे. परंतु दहाव्या वर्षानंतरची ५ वर्षे आणि पाळण्यापासून शाळेपर्यंतची ५ वर्षे एकाच मापाने कशी मोजावीत?

रूप बदलल्याच्या कारणावरून पारपत्र पुन्हा काढता येते, हे खरे. तथापि नुसते छायाचित्र बदलून मिळत नाही. नवी पुस्तिकाच घ्यावी लागते. तिचे १,००० रुपये, आईवडिलांचे घोषणापत्र, केंद्रावरील हेलपाटा, आणि जुन्या पुस्तिकेत व्हिसा शिल्लक असल्यास दोन्ही पुस्तिका जवळ बाळगणे! नव्या ई-पारपत्रानेही हे सुटत नाही. त्याच्या चिपमध्येही तेच तान्हे मूल असते.

तेव्हा तान्हेपणी काढलेले पारपत्र मुदतीत एकदा तरी निःशुल्क बदलून मिळावे. पुस्तिकेला खर्च येतो, हे अर्थशास्त्राचा शिक्षक कसा नाकारील? पण मुदत ज्याने ठरविली, त्यानेच तो सोसणे न्याय्य आहे. तोवर पालकांनी जन्मदाखला आणि मधल्या वर्षांतील छायाचित्रे हातातील पिशवीतच ठेवावीत. विमानात चढविलेल्या सामानात नव्हे.